बसमधलं सुतक

एंगेलबर्ग, स्वित्झर्लंड
१५ मे

श्रद्धा,

वर मायना लिहिलेला नाही. 'चिरंजीव' लिहिलं आणि खोडलं. मग 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं, कारण आपल्या घरात तसली भाषा कधी नव्हती. हॉटेलचा कागद फुकट आहे म्हणून नवा घेतला आणि नुसतं नाव लिहिलं.

फोन का केला नाही म्हणशील, तर तुझा नंबर माझ्याकडे नाही. तो तुझ्या आईकडे आहे आणि ती कालपासून मला पाणीसुद्धा विचारत नाही, नंबर कुठला देणार. पत्ता स्वप्नालीने दिला. सुनेकडे मुलीचा पत्ता मागायची वेळ आली, तीही आली. शिवाय फोनवर मी बोलायला लागलो की भांडायला लागतो, हे तुला मी सांगायला नको. कागदावर माणूस जरा दमाने बोलतो.

तर काल जर्मनीत तू तितिसेला भेटायला आलीस ते बरं केलंस. तुझ्या आईला बरं वाटलं. तू येणार हे तिला, अक्षयला आणि स्वप्नालीला, तिघांनाही माहीत होतं. बस कुठे कधी थांबणार ते त्यांनीच तुला कळवलं होतं म्हणे. मला कोणी चकार शब्द बोललं नाही. बोलले असते तर मी मनाशी काही ठरवून उतरलो असतो. मी उतरलो तो बाथरूम कुठे आहे ते शोधत, इकडे त्याला सुट्टी नाणी लागतात म्हणून खिसे चाचपत. मान वर केली तर समोर तलाव, घड्याळांची दुकानं, आणि दुकानापुढे तू डबा घेऊन उभी. निळं जाकीट घातलेलं, केस मानेपर्यंत कापलेले. आठ वर्षांनी मुलगी दिसते आणि बापाच्या मनात पहिलं काय येतं, तर हिने केस का कापले.

त्यात मागून आमची अख्खी बस उतरत होती. नितीन, म्हणजे आमचा टूर मॅनेजर, छत्री उंच धरून माणसं मोजत होता. तो म्हणाला, "काका, ह्या कोण? ओळखीच्या?"

मी म्हणालो, "आमच्या गावची मुलगी आहे. इकडे नर्स असते."

याला कारण आहे, ते ऐकून घे. पहिल्या दिवशी पॅरिसहून बस सुटली तशी नितीनने माईक फिरवला. टूरमध्ये ती पद्धतच असते. प्रत्येक कुटुंबाने उभं राहून आपली ओळख करून द्यायची, नाव, गाव, कामधंदा, मुलंबाळं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "हरिचंद्र भोपी, बदलापूर, बेलवली. अंबरनाथला केमिकल कंपनीत फिटर होतो, आता रिटायर. एक मुलगा आणि सून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बदलापुरात मी असं बोललो की ऐकणारे जमिनीकडे बघतात, कारण तिथे सगळ्यांना सगळं माहीत आहे. बसमध्ये कोणाला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे सोपं गेलं. आता माईकवर एकच मुलगा सांगून बसलेल्या माणसाने तलावाकाठी मुलगी कुठून काढायची, ते तूच सांग.

मग तू वाकलीस, माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, "काका, प्रवास बरा झाला ना?"

ते तू चांगलं सांभाळून घेतलंस. लोकांना काही कळलं नाही. भाकऱ्या छान होत्या, जवळ्याची चटणीही झणझणीत. जर्मनीत सुका जवळा मिळतो याचं नवल वाटलं.

तब्येतीला जप. थंडी फार आहे इकडे.

हरिचंद्र


एंगेलबर्ग
१७ मे

श्रद्धा,

हे पत्र मी तक्रारीचं लिहितो आहे. तुझ्या आईने इथे जे आरंभलं आहे ते तुला कळलंच पाहिजे, कारण जगात ती कोणाचं ऐकेल तर तुझंच ऐकेल.

तिने सुतक धरलं आहे.

परदेशात, टूरवर, सुतक. गादी सोडून हॉटेलच्या गालिच्यावर चादर टाकून झोपते. केसांना तेल नाही. गळ्यातल्या पिशवीत देवाचा छोटा फोटो असतो ना, तो तिने स्वप्नालीकडे दिला, म्हणाली, माझा हात लागायला नको. सकाळी नाश्त्याला एवढे प्रकार मांडलेले असतात, ही कोरडा पाव आणि बिनसाखरेचा चहा घेऊन कोपऱ्यात बसते. मी पहिल्या दिवशी लक्ष दिलं नाही. म्हटलं, घरातला राग घरात राहील.

पण काल ते चारचौघांत आलं. आमच्या बाजूच्या सीटवर उल्हासनगरचे जयदेव आणि त्यांची बायको असतात. कॅम्प पाचला जीन्सचा कारखाना आहे त्यांचा, सिंधी माणसं, दिलदार. बसमध्ये रोज दोन रांगा पुढे सरकून बसायचं असा नियम आहे, म्हणजे सगळ्यांना खिडकीतून पुढचं दिसतं. त्यामुळे जागा रोज बदलते पण शेजार तोच राहतो. काल त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. दुपारी लुसर्नच्या हॉटेलात त्यांनी सगळ्यांना गुलाबजाम सांगितले. भाभी स्वतः वाटी घेऊन तुझ्या आईजवळ आल्या. हिने वाटीवर हात आडवा धरला.

"नको भाभी. आमाला सुतक हाय."

भाभींना शब्द कळेना. स्वप्नालीने खाली बघत हिंदीत समजावलं, घरात कोणी गेलं की गोड खात नाहीत म्हणून. भाभींनी वाटी खाली ठेवली. "अरे राम. कौन गया?"

"ह्यांनाच इचारा," तुझी आई म्हणाली आणि पाण्याचा ग्लास उचलला.

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हणालो, गावाकडे, भाऊबंदातले एक. दुसरं काय सांगणार होतो?

तिथून जे सुरू झालं ते सांगायला नको. बसमध्ये दुपारी अंताक्षरी असते, ती नितीनने बंद केली. साताऱ्याच्या बायकांनी नाच बसवला होता, त्यांनी तो पुढे ढकलला. एक एक माणूस मधल्या वाटेने येऊन माझ्याजवळ वाकून हळू बोलायचा, "फार जवळचे होते का हो?" मी मान हलवायचो. नितीन म्हणाला, "काका, परत जायचं असेल तर विमानाचं बघतो, संकोच करू नका." आज तर आमची पाळी नसताना लोकांनी आम्हाला सगळ्यात पुढची सीट दिली. दुःखातल्या माणसाला जरा मोकळं वाटावं म्हणून. त्या सीटवर बसून मी अख्खा घाट पाहिला, पण नजर वर करून नाही.

तर तू तुझ्या आईला फोन कर आणि हा तमाशा बंद करायला सांग. कोणी गेलेलं नाही, एवढं तुला कळवतो. बाकी मागून लिहीन.

हरिचंद्र


इन्सब्रुक, ऑस्ट्रिया
१९ मे, सकाळ

श्रद्धा,

तुझा फोन आईला आला होता हे मला जिन्यात ऐकू आलं. तू तिला काहीच समजावलं नाहीस असं दिसतं. ती हसत होती, आणि फोन ठेवल्यावर रडली.

तुला परवाचं पत्र अजून पोचलं नसेल. पोचेल तेव्हा त्यात एक जागा कोरी आहे ती तुला दिसेल. ती आता भरतो.

तितिसेहून बस निघाली. तुझ्या डब्याचा वास सगळ्यांना आला होता. बसमध्ये खायला बंदी आहे म्हणून डबा बंद होता, तरी जवळा तो जवळा. जयदेव म्हणाले, "बडी अच्छी लडकी है साईं. गाववाल्यांसाठी कोण येतं इतक्या लांब टिफिन घेऊन? किसकी बेटी है?"

मी म्हणालो, गावातल्याच एकाची.

"बाप क्या करता है?"

मी म्हणालो, "बाप नाही तिला. वारला."

का म्हणालो, हे मी चार दिवस स्वतःला विचारतो आहे. तिथे सांगायला हजार गोष्टी होत्या. शेती करतो म्हणालो असतो, रिक्षा चालवतो म्हणालो असतो. पण मग त्यांनी त्याचं नाव विचारलं असतं, बेलवलीत कुठे राहतो ते विचारलं असतं. मेलेल्या माणसाबद्दल पुढे कोणी विचारत नाही, एवढा हिशोब माझ्या डोक्याने त्या क्षणात केला. कंपनीत मशीन बंद पडलं की मी असाच झटकन उपाय काढायचो, साहेब खूश व्हायचे. भाभींनी डोळ्याला रुमाल लावला. तुझी आई खिडकीशी होती. तिने ऐकलं, आणि बाहेर बघत राहिली.

हॉटेलात खोलीचं दार लागल्यावर तिने विचारलं, "तिचा बाप वारला म्हनालात. मग मी कोनाची बायको?"

मी म्हणालो, "अगं, बोलण्याच्या ओघात गेलं."

"मंग जाऊ द्या. कुंकू मी पुसत नाय, कारन तुमी समोर चालताबोलता हाव. पन मेल्याचं सुतक पाळायला लागतं. मी पाळनार."

आता तुला कळलं असेल लोक माझ्याजवळ वाकून कोणाचं दुःख विचारत होते. माझ्याच मरणाची विचारपूस मी मान हलवून घेत होतो. अक्षय सगळं ऐकून आहे. तो मला काही बोलत नाही, नुसता माझी बॅग उचलतो. कालपासून तीही उचलत नाही.

आणखी एक. पहिल्या पत्रात भाकऱ्या छान होत्या, चटणी झणझणीत होती असं लिहिलं, ते अंदाजाने लिहिलं. मी त्यातला घास खाल्लेला नाही. तुझ्या आईने हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये डबा उघडला, अक्षयला दिलं, स्वप्नालीला दिलं, भाभींना बोलावून दिलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "हे तिने घरच्यांसाठी केलंय. तुमी गावचे काका." सगळ्यांसमोर नाही, हळू म्हणाली. मी यंत्रात नाणं टाकून वेफर्सचं पाकीट काढलं आणि बाहेर जाऊन खाल्लं.

पण ते जाऊ दे. मला दुसरंच लिहायचं आहे. बस निघाली तेव्हा तू हात हलवत होतीस. आईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून नाही, सगळ्या बसला, जशी ओळखीची बाई हलवते. बस वळली आणि तुला वाटलं आम्ही गेलो. वळणावर रस्त्याकडेला मोठा आरसा असतो, त्यात तू दिसत होतीस. तुझा हात खाली आला नाही, तो तसाच डोक्यावर ठेवून तू उभी राहिलीस. मी पाहिलं. पाहून मी नितीनला विचारलं की पुढचा थांबा किती वाजता.

लाज वाटते श्रद्धा. हा शब्द मी आठ वर्षं तुझ्यासाठी वापरला. मांडववाल्याला सांगितलं होतं, हळदीला अख्खी बेलवली जेवणार होती, आणि तू दोन बॅगा घेऊन विमानात. कुळगावच्या पाहुण्यांच्या दारात मी हात जोडून उभा राहिलो, त्यांनी आत ये म्हटलं नाही. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात ड्युटी करून तू संध्याकाळी जर्मन शिकतेस हे साऱ्या घराला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तू मला दोनदा सांगितलं होतंस की हे लग्न नको. मी म्हणालो होतो, पत्रिका छापून झाल्या. तिने मला चार लोकांत मान खाली घालायला लावली, हे मी येईल त्याला सांगत आलो. परवा चार लोकांत माझी मान खाली जायची वेळ आली तेव्हा तू मला काका म्हणालीस आणि ती वर ठेवलीस.

नाश्त्याला बोलावत आहेत. बस वेळेवर सुटते.

हरिचंद्र


पडोवा, इटली
२० मे

श्रद्धा,

मी बसला सांगून टाकलं.

ठरवून नाही. ठरवून काही करण्याएवढी हिंमत माझ्यात आहे असं मला आता वाटत नाही. झालं असं की इन्सब्रुकहून निघालो आणि नितीनने माईक घेतला. म्हणाला, "मंडळी, भोपीकाकांच्या घरी दुःख झालंय, तरी काकींचं सुतक पुरं होईपर्यंत आपण गाणीबजावणी नको करूया." चांगला मुलगा आहे, मनापासून म्हणाला. मागे सातारच्या त्या बायका, गावाहून ठेवणीतल्या नऊवारी घेऊन आलेल्या, त्यांनी बिचाऱ्यांनी माना हलवल्या. आयुष्यात एकदा परदेश बघायला आलेली माणसं माझ्या एका खोट्यापायी तोंड मिटून बसणार होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "गाणी लावा. कोणी गेलेलं नाही."

"मग सुतक?" नितीनने विचारलं.

"ते माझं आहे. परवा तळ्यावर डबा घेऊन आलेली मुलगी, ती माझी मुलगी. सख्खी. तिचा बाप मीच."

एवढंच. मोठं भाषण मनात खूप होतं, पण तेवढ्यात ड्रायव्हरने स्पीकरवरून काहीतरी दरडावलं. तो इटालियन, त्याला आमचं काय कळणार. नितीन हळूच म्हणाला, "काका, तो बसा म्हणतोय, पट्टा लावा. घाट आहे." मी बसलो आणि पट्टा लावला. ते बक्कल मला काही लागेना. जयदेवांनी वाकून ते लावून दिलं.

मला वाटलं आता कोणी काहीतरी बोलेल. थू म्हणेल, हसेल. शेवटी मीच त्यांना म्हणालो, "तुमच्याशी खोटं बोललो, जयदेवशेठ. माफ करा."

"मालूम था साईं," ते म्हणाले.

"काय?"

"सब को मालूम था. चाचा के पैर ऐसे ऊपर ऊपर से छूते हैं," त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. "उसने पकडे थे. दोन्ही हातांनी. छोडतीच नव्हती. माझी बायको तेव्हाच बोलली मला, ही ह्याची पोरगी आहे. हमने सोचा, आदमी खुद नहीं बोल रहा तो हम कौन होते हैं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मी तर भर उन्हात चोरी करून अंधार आहे म्हणत होतो. लोकांना काही कळलं नाही असं पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. तू मला काका म्हणालीस तेव्हा अख्खी बस ते बघत उभी होती आणि घड्याळं बघतोय असं दाखवत होती.

आणि पाय. तू पाय धरलेस ते मला जाणवलं होतं. मी हळूच मागे ओढून घेतले होते. तुला ते कळलं का? कळलंच असेल.

गाणी लागली. सातारच्या बायकांनी सुरुवात केली. मी तुझ्या आईकडे वळलो. काय बोलावं याचा शहाणपणा मला उशिराच सुचतो. मी म्हणालो, "झालं? सांगितलं सगळ्यांना. आता सोड सुतक."

ती म्हणाली, "बसला सांगून काय होतं? बस काय तुमची लेक हाय?"

तिने गोड अजून खाल्लेलं नाही. व्हेनिसला होडीत सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं, तिचं मला खावं लागलं. दोन खाल्ली.

हरिचंद्र


बदलापूर
२ जून

श्रद्धा,

आम्ही सुखरूप पोचलो. अक्षयची सुट्टी संपली, स्वप्नालीने फोटो सगळ्यांना पाठवले. तितिसेचा एकच फोटो आहे, तिने लांबून काढलेला. तू वाकली आहेस आणि मी तुझ्या डोक्यावरून दुसरीकडे बघतो आहे. तिने तो मला विचारून पाठवला. मी म्हणालो, पाठव. बेलवलीत आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तो आहे. परवा भिमाबाई दूध घालायला आली ती म्हणाली, "पोरगी वाळलीय जरा." मी म्हणालो, माझी पोरगी आहे, कामाची आहे, वाळणारच. एवढं बोलायला मला आठ वर्षं आणि सात देश लागले.

तुझ्या आईने दहा दिवस पुरे केले. मग डोक्यावरून पाणी घेतलं, घरभर गोमूत्र शिंपडलं, पहिल्या सोमवारी अंबरनाथला शिवमंदिरात जाऊन आली आणि शिरा केला. मला वाटलं मिटलं. मी वाटीभर शिरा खाऊन म्हणालो, "फिटलं ना एकदाचं सुतक?"

"सुतक फिटतं," ती म्हणाली. "म्हनून मेलेला काय परत येत नाय. त्याला यायचं असंल तर त्यानेच यायला पायजे." आणि तुझा नंबर कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवला. इंग्रजी आकडे तिचे मोठे मोठे असतात, तुला आठवत असतील.

तो कागद चार दिवस फ्रिजवर राहिला. आल्यागेल्याला दिसायचा.

शनिवारी दुपारी तुला एक फोन आला होता, भारतातून, अनोळखी नंबर. तो मी केला होता. माझा नंबर बदललाय, तुझ्याकडे नसणार. मी मागच्या ओटीवर जाऊन लावला, घरात कोणी ऐकू नये म्हणून. बोलायचं काय ते पाठ केलं होतं. सुरुवात 'बाबा बोलतोय' अशी होती. एवढी सुरुवात जमली की पुढचं येईल असं वाटत होतं.

तू फोन उचललास आणि म्हणालीस, "भोपी."

अक्षयने मागून सांगितलं की तिकडे तशी पद्धत आहे, फोन उचलला की आडनाव सांगायचं. मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं तू मला ओळखलंस. नाही, तू तुझं नाव सांगितलंस. माझंच आडनाव, तिकडे रोज, दवाखान्यात, दुकानात, फोनवर, परक्या माणसांना सांगतेस. मी माईक हातात धरून तुला गाळलं, आणि तू माझं नाव सांगत फिरतेस.

तू दोनदा विचारलंस, कोण बोलतंय म्हणून. एकदा त्यांच्या भाषेत, एकदा आपल्या. मला 'बाबा' म्हणता येईना. तोंड उघडलं, पण तो शब्द मी माझ्या तोंडाने माझ्यासाठी कुठल्या हक्काने वापरायचा? तिचा बाप वारला म्हणणारं तोंड हेच. मी फोन ठेवला. त्यानंतर तू दोन वेळा उलटा फोन केलास. वाजून वाजून थांबला. मी ओटीवरच होतो, फोन मांडीवर होता. तुझी आई दारात येऊन उभी राहिली, परत आत गेली.

पोस्टातल्या मुलीने सांगितलं की हे पत्र पोचायला दहाबारा दिवस लागतील. मी मुद्दाम पत्रच पाठवतो आहे, म्हणजे ते तुझ्या हातात पडेपर्यंत तुला माझ्यावर रागवायला सवड मिळेल. मग वाटलं तर फोन कर. नाही वाटलं तर करू नकोस, मी कोणाला सांगणार नाही की तू केला नाहीस.

केलास तर मी पहिल्या घंटीला उचलीन. पण उचलून मी काही बोललो नाही तर ठेवू नकोस. तू हाक मार. काय म्हणून मारायची ते तू ठरव, ते आता माझ्याकडे राहिलेलं नाही. काका म्हणालीस तरी मी ओ देईन.

हरिचंद्र